कोळशाची चुरी

१० मार्च

पुनमला आमच्याच वीजकेंद्रात नोकरी मिळाली. घरी पेढे आले. मी दोन खाल्ले, कोणाला काही वाटू नये म्हणून.

पुनम म्हणजे माझी धाकटी जाऊ. डिसेंबरात अभिमनभाऊजींशी लग्न होऊन या घरात आली. माहेर चाळीसगावचं. खाणकामाची इंजिनिअर आहे. लग्नाआधी वणीकडच्या एका कोळसा खाणीत चार वर्षं होती, हेल्मेट घालून खाली उतरायची. लग्नात प्रत्येकाला हे सांगून झालं होतं. मी गेली चौदा वर्षं एका कारखान्याच्या वीजकेंद्रात कोळशाची प्रयोगशाळा सांभाळते, हे सांगायचं कोणाला सुचलं नाही.

आता ती तिथेच येणार. कोळसा हाताळणी विभागात, थेट सोनवणे साहेबांच्या हाताखाली. साहेब आमचे मॅनेजर. मी त्यांच्या केबिनमध्ये बोलावल्याशिवाय जात नाही.

हे कोणाजवळ बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. नवल, म्हणजे माझे यजमान, म्हणतील, तुझीच जाऊ आहे, बरंच झालं की सोबत.

१८ मार्च

नशिराबादहून केंद्रापर्यंत ती माझ्याच स्कूटीवर मागे बसते. स्वतःची गाडी घ्यायला काय झालं? अभिमनभाऊजी घेऊन देत होते, तर म्हणाली, "नको, ताईंबरोबर जाताना बोलता येतं." आणि बोलते म्हणजे किती! ताई, तुम्ही नमुना कुठून घेता, ताई, सुरुवातीला एकट्या बाईला इथे जड गेलं का, ताई, डब्यात काय आहे. आज मेथीची भाजी अर्धी तिनेच संपवली.

माझ्याकडून सगळं काढून घ्यायचं आहे तिला. एकदा शिकली की माझी गरज काय?

सासूबाईंना ती पहिल्या दिवसापासून "माय" म्हणते, त्यांची मुलं म्हणतात तसं. मी अजून "आई" म्हणते. मला कोणी कधी माय म्हण असं सांगितलं नाही. तिलाही सांगितलं नसेल, पण ती म्हणाली आणि सासूबाईंनी ओ दिली.

२६ मार्च

नवीन खाणीचा कोळसा यायला लागला आहे. पहिली मालगाडी काल रिकामी झाली. आधीच्या कोळशात डोक्याएवढी ढेकळं असायची, फोडायला माणसं लावावी लागत. या कोळशात मुठीपेक्षा मोठा तुकडा शोधून सापडेना. सगळीकडे चुरी. वॅगन उलटली की काळा धूर उठावा तशी भुकटी उठते.

मी नमुना चाळला. मोठ्या चाळणीवर जवळजवळ काहीच राहिलं नाही, खालचं भांडं भरलं. पुन्हा चाळला, तेच. यात पुरवठादाराने जुन्या ढिगाची झाडलेली चुरी मिसळली आहे. उघड फसवणूक. उद्या साहेबांसमोर मांडते. चौदा वर्षांत असं काही पकडायची ही पहिलीच वेळ.

सकाळी गाडीवर पुनम या कोळशाबद्दल काहीतरी सांगत होती. हायवेला ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी म्हटलं, नंतर बोलू.

२७ मार्च

सगळ्यांसमोर शोभा झाली.

मी आकडे मांडले. पुरवठादाराचे पैसे अडवा म्हटलं. साहेब माझ्याकडे बघत मान हलवत होते, मला बरं वाटत होतं. मग ते पुनमकडे वळले, "तुम्ही खाणीत होतात, तुम्हाला काय वाटतं?"

ती आधी माझ्याकडे बघून घुटमळली. मग म्हणाली, "ताईंचे आकडे अगदी बरोबर आहेत सर. फक्त कारण वेगळं असावं. ही खाण स्फोट करत नाही. तिथे यंत्राने कोळसा कापतात."

मग समजावून सांगितलं. आधीच्या खाणीत भोकं पाडून सुरुंग लावायचे. स्फोटात कोळसा त्याच्या अंगच्या भेगांवरून फुटतो, म्हणून मोठी ढेकळं निघतात. या खाणीत एक रणगाड्यासारखं यंत्र चालतं. पोटाखाली मोठा रोलर असतो, त्याला दात. तो फिरत कोळशाचा थर वीतभर खरवडत जातो. दगडाचे पट्टे वगळता येतात, त्यामुळे राख कमी पडते. पण माल बारीक निघतो. "आणि दात बोथट झालेले असले की कोळसा कापला जात नाही, घासला जातो," ती म्हणाली. "मग चुरी आणखी वाढते. फसवणूक नसेल सर, दात बदललेले नसतील."

साहेबांनी तिथल्या तिथे खाणीत फोन लावला. दात महिनाभर बदलले नव्हते.

साहेब हसले. "बरं झालं मेघा मॅडम, नोटीस पाठवली नाही. तोंडघशी पडलो असतो."

सगळे हसले. ती हसली नाही हे मी पाहिलं. तेवढी ती हुशार आहेच, कुठे हसायचं नाही हे तिला कळतं.

राख कमी पडते हे मात्र माझ्याही लक्षात यायला हवं होतं. आकडा समोर होता. मी चुरीच बघत बसले.

६ एप्रिल

आज रविवार. सासूबाईंनी विचारलं, तुम्ही दोघी दिवसभर करता तरी काय? मी चौदा वर्षं जाते, मला नाही विचारलं कधी. पुनमने गुळाची ढेप पुढ्यात ओढली. बत्त्याने एक घाव घातला. चार मोठे खडे पडले, थोडा चुरा. "माय, ही जुनी खाण." मग सुरीने ढेप खरवडली, ताटात नुसती भुकटी. "ही नवी खाण. आता सांगा, फुंकर कशावर घालायची नाही?" सासूबाईंनी भुकटीवर मुद्दाम फुंकर घातली आणि दोघींच्या तोंडावर गूळ उडाला.

"देख वं मेघा, आते माले बठ्ठं समजनं!" आता सगळं समजलं म्हणत सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. भडगावच्या त्यांच्या बोलीत त्या फक्त खुशीत असल्या की बोलतात. नवलही हसत होते. नवल इतके शेवटचे कधी हसले, मला आठवत नाही.

नंतर ओट्याखाली मुंग्या झाल्या. त्या मी पुसल्या. पुनम मदतीला आली तर म्हटलं, राहू दे, तू हात खराब करू नको.

ती बाजूला उभी राहिली. मग गेली.

१५ एप्रिल

तिने नवी योजना दिली आहे. आमच्याकडे येणारा सगळा कोळसा क्रशरमधून जातो, म्हणजे फोडायच्या यंत्रातून. तिचं म्हणणं, आधीच बारीक असलेला कोळसा पुन्हा फोडून आपण नुसती धूळ बनवतो आहोत. क्रशरच्या आधी जाळी आहे. बारीक माल त्या जाळीतून खाली पाडून क्रशरला वळसा घालून न्यायची वाट पूर्वीपासून आहे, तिचं दार वर्षानुवर्षं कोणी उघडलेलं नाही. ते उघडायचं.

साधी गोष्ट आहे. मी त्या दारावरून रोज जाते.

साहेब म्हणाले, आकडे हवेत. येणाऱ्या प्रत्येक गाडीत किती माल आधीच बारीक आहे, ते मेघा मॅडम चाळून देतील. मग दार उघडू. ते गंजून बसलंय, गॅसने कापून काढावं लागणार, एक दिवस संच बंद ठेवावा लागणार, उगाच नको.

म्हणजे तिची योजना, आणि राबायचं मी.

२२ एप्रिल

चाळण्या हलवायचं यंत्र बिघडलं आहे असं मी सांगितलं. ते खरं आहे. हाताने चाळता येतं, आणि यंत्र येण्याआधी सहा वर्षं मी हातानेच चाळत होते, हेही खरं आहे. ते मी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

नमुन्यांच्या पिशव्या कपाटात नीट ओळीने ठेवल्या आहेत. काम टाकलेलं नाही. पुढे ढकललं आहे. एवढ्यातेवढ्याने काय बिघडतं? साहेबांना कळू दे, माझ्या आकड्यांशिवाय कोणाची योजना हलत नाही.

पुनमने विचारलं, "ताई, यंत्र कधी येणार?" मी म्हटलं, जळगावला दिलंय, बघू.

२५ एप्रिल

ऊन असं की दुपारी स्कूटीच्या सीटला हात लावता येत नाही. जीवराम नाना सकाळी प्रयोगशाळेच्या दारात आले. कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर काम करणारे आमचे सगळ्यात जुने माणूस. पापण्यांपर्यंत काळे. "बाई, क्रशरघरमा समोरना मानूस दिखत नही. इतली धूळ कधी नव्हती."

मी त्यांना नवा मास्क दिला. दुसरं काय करणार होते?

पुनमने क्रशरघरात पाण्याचे फवारे लावून घेतले आहेत. दुपारी पाण्याचा दाब नसतो.

३० एप्रिल

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. पुनमची सासरची पहिली. पोरी माहेरी जातात, ती गेली नाही. तिची आई तिच्या लहानपणीच गेली, वडील एकटे असतात. म्हणाली, "तिथे झोका बांधायला कोण आहे?" अगदी सहज म्हणाली, पण सासूबाईंनी ऐकलं. दुपारी अंगणातल्या कडुलिंबाला दोर पडला. सासूबाईंनी स्वतः पाट बांधला, तिला बसवलं, झोका दिला, गाणी म्हटली. गल्लीतल्या बाया जमल्या.

मला कोणी इथे झोका बांधला नाही. मी दर आखाजीला माहेरी जात होते, हे खरं. आई आहे माझी.

पुनम झोक्यावरून ओरडली, "ताई, या ना, दोघी बसू!" मी म्हटलं, पुरणाचं बघायचंय. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोर दिसत होता, येताना आणि जाताना. पुरण खाली लागलं.

७ मे

आज साहेबांनी मला विचारलं. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात देते.

संध्याकाळी पार्किंगमध्ये पुनम म्हणाली, "ताई, मी चाळू का हाताने? तुम्ही फक्त दाखवा. सुट्टीच्या दिवशी येईन."

"प्रयोगशाळेची जबाबदारी माझी आहे. असं कोणीही चाळत नसतं."

"तसं नाही ताई. क्रशरघरात मला भीती वाटते आता. खाणीत असते तर मी माणसं बाहेर काढली असती."

"मग काढ," मी म्हटलं. "तुझं ऐकतात सगळे."

ती मागे बसली. कधी नव्हे ते शांत प्रवास झाला. मला बरं वाटायला हवं होतं.

९ मे

पुनम भाजली.

दुपारी जेवणानंतर क्रशरघरातून आवाज आला. स्फोट म्हणावा असा नव्हता. मोठ्या चुलीत रॉकेल ओतल्यावर होतो तसा, भक्क. मी धावले. दारातून काळा लोट येत होता आणि त्यातून जीवराम नाना तिला ओढत बाहेर आणत होते. उजव्या हाताची बाही नव्हती. भुवया नव्हत्या. ती शुद्धीवर होती. "आत कोणी नाही," एवढंच म्हणत होती. "मी सगळ्यांना आधीच बाहेर काढलं होतं."

जळगावच्या दवाखान्यात नेलं. उजवा हात कोपराच्या वरपर्यंत, आणि मान. डॉक्टर म्हणाले, जीवाला धोका नाही, पण हात बरा व्हायला वेळ लागेल, खूण राहणार.

ती आत का गेली होती? हातात बादली होती म्हणे. क्रशरच्या वर पडणाऱ्या आणि खाली येणाऱ्या कोळशाचे नमुने स्वतःच घ्यायला गेली होती. आकडे मिळत नव्हते म्हणून.

११ मे

सासूबाई तिच्या उशाशी बसून आहेत. "कोन धाडं तिले तठे?" मला विचारत होत्या. मी म्हटलं, माहीत नाही.

पुनमने डोळे उघडले. मला बघून म्हणाली, "ताई, बादली तिथेच राहिली. नमुना गेला."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. अभिमनभाऊजी आले, मला वाटलं त्यांना कळलं. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरी जा, किती दमलात. तिला तुमचा मोठा आधार वाटतो." 

१२ मे

सगळ्या पिशव्या काढल्या. हाताने चाळल्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. यंत्राची गरज नव्हती, हे मला माहीतच होतं. प्रत्येक गाडीत अर्ध्याहून कितीतरी जास्त माल आधीच इतका बारीक होता की त्याला क्रशरची गरजच नव्हती. तो आम्ही फोडत होतो. उन्हाने वाळलेला, त्यात फोडून पिठासारखा केलेला. ठिणगी कुठून पडली हे शोधतील, पण जळायला काय होतं, ते माझ्या पुढच्या भांड्यात होतं.

एका दिवसाचं काम.

१३ मे

आकडे घेऊन साहेबांकडे गेले. धुळ्याहून तपासणी अधिकारी येणार म्हणून ते घाईत होते. आकडे बघितले, बाजूला ठेवले.

"छान. दार उघडून टाकू. आता हे बघा मॅडम, अधिकाऱ्यांना काय सांगायचं ते ठरलंय. पुनम मॅडम परवानगी न घेता, यंत्र चालू असताना आत गेल्या."

"म्हणजे चूक तिची?"

"नियमाप्रमाणे तिचीच. उपचाराचं बघू आपण, माणुसकी म्हणून. पण नुकसानभरपाई वगैरे... तुम्ही घरातल्या आहात, समजावून सांगा तिला."

मी खुर्चीत बसले. साहेबांसमोर न विचारता बसायची माझी पहिलीच वेळ. म्हटलं, "साहेब, ती आत गेली कारण मी तीन आठवडे चाळलं नाही. यंत्राचं कारण पुढे केलं. मला ते करायचं नव्हतं."

"का?"

मी खूप शोधलं, पण त्यांना सांगता येण्यासारखा शब्द सापडेना. शेवटी म्हटलं, "तिचं नाव होईल म्हणून."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "हे या खोलीत राहू द्या."

"अधिकाऱ्यांनाही सांगणार आहे."

"नोकरी जाईल मॅडम."

"तिची गेली तर?"

अधिकारी दुपारी आले. सांगितलं. धुळीची तक्रार जीवराम नानांनी माझ्याकडे केली होती, तेही. नानांना बोलावून विचारलं गेलं. साहेब माझ्याकडे बघत नव्हते.

१८ मे

पुनमला सांगितलं. सासूबाई चहाला खाली गेल्या होत्या. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मलाच सांगायचं होतं.

तिने सगळं ऐकलं. मला वाटलं रडेल, किंवा म्हणेल, जाऊ द्या ताई. मी त्याचीच तयारी करून गेले होते, हे आता लिहिताना कळतंय.

"यंत्र बिघडलं नव्हतं?"

"बिघडलं होतं. पण हाताने होत होतं."

"किती दिवसांचं काम होतं?"

"एका."

तिने डाव्या हाताने चादर वर ओढली. मग म्हणाली, "बाबा रोज फोनवर विचारायचे, करमतं का तिथे. मी सांगायचे, ताई आहेत ना. खाणीत दीडशे पुरुषांत मी एकटी होते. इथे नोकरी का घेतली माहीत आहे? जळगावला जास्त पगाराची मिळत होती. पण इथे तुम्ही होतात."

मी काही म्हणायला गेले.

"हाताचं मला तेवढं नाही. खाणीत असतानाही होऊ शकलं असतं. पण मी तुमच्या डब्यातलं खात होते, आणि तुम्हाला तो घास मोजावासा वाटत होता. मला कळलंच नाही. एवढी कशी मी बावळट?" मग तोंड भिंतीकडे केलं. "आता जा तुम्ही. माय येतील, त्यांच्यासमोर नको."

मी गाडी काढली आणि नशिराबाद मागे टाकून कितीतरी पुढे गेले. मग परत फिरले.

२ जून

निकाल लागला. तिच्यावर दोष नाही. उपचार आणि भरपाई कारखान्याची. साहेबांची बदली झाली. माझी प्रयोगशाळा काढून घेतली, आता मी यार्डात, नमुने गोळा करायला. नवल म्हणाले, "नोकरी राहिली हेच नशीब." मग पेपर वाचत बसले. घरात सगळ्यांना कळलं आहे. सासूबाई माझ्याशी बोलतात, भाजीत मीठ किती इतपतच.

अभिमनभाऊजींनी जळगावात खोली घेतली. सामान नेताना पुनम दारात थांबली, सासूबाईंच्या पाया पडली. मी तिथेच होते.

२८ जुलै

पुनम आज कामावर आली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर गुलाबी चकाकणारी कातडी. आता प्रयोगशाळा आणि कोळसा हाताळणी दोन्ही तिच्याकडे.

ते दार मे महिन्याच्या शेवटीच उघडलं होतं. बारीक माल खालून परस्पर जातो, क्रशरमध्ये फक्त ढेकळं. क्रशरघरात आज ती उभी होती आणि जीवराम नाना पलीकडच्या टोकाला, आणि दोघं एकमेकांना दिसत होते. यंत्राचे दात वेळच्या वेळी बदलायचा करार खाणीशी तिनेच करून घेतला आहे. मला वाटलं होतं, हे बघून आत पुन्हा तसंच काहीतरी टोचेल. टोचलं. थोडंच, पण टोचलं. खोटं कशाला लिहू.

तिच्याबरोबर रुची म्हणून एक नवी मुलगी आली आहे. अमळनेरची, नुकतीच पास झालेली. दिवसभर तिच्या मागे मागे. "ताई, हे काय? ताई, ते कशाला?" पुनम प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर देत होती.

दुपारी दोघी यार्डात आल्या. मी ढिगाशी होते. मोठे तुकडे उतारावरून घरंगळून पायथ्याला जमतात, चुरी मध्ये राहते, त्यामुळे एकाच जागी फावडं मारलं तर नमुना खोटा येतो. रुचीने पायथ्यालाच फावडं घातलं.

"तिथून नको," पुनम तिला म्हणाली. "नमुना घ्यायला मॅडमकडून शीक. त्यांच्याएवढा चोख हात या केंद्रात कोणाचाच नाही."

सगळ्यांच्या देखत म्हणाली. जीवराम नाना होते, लोडरवाले होते. मनापासून म्हणाली, खोटं नव्हतं त्यात. चौदा वर्षं मी या एका वाक्याची वाट पाहत होते.

मी म्हटलं, "ये, दाखवते." पुनम वळून क्रशरघराकडे निघाली होती. रुचीने माझ्या हातातलं फावडं घेतलं, पण नजर तिच्याकडेच. "ताई, थांबा ना, मी आलेच!" असं ओरडली, आणि पुनम खरंच थांबली. हसून. तिच्यासाठी.

मी मान खाली घालून ढिगाच्या मधोमध फावडं रोवलं.